साहेबांची नजर आणि माझी टिकली

कंपनीने आम्हाला वर्तकनगरच्या एका हॉलमध्ये बिझनेस कम्युनिकेशन शिकायला पाठवलेलं. ईमेल कसा लिहायचा, प्रेझेंटेशन कसं द्यायचं, असं सगळं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "समोरच्याच्या डोळ्यांत बघायला अवघड वाटलं, तर दोन भुवयांच्या मधे बघा. त्याला वाटतं, तुम्ही डोळ्यांतच बघताय." पुढच्या रांगेतल्या आमच्या साहेबांनी ते लगेच लिहून घेतलं. तेव्हाच मला खटकलं. खरं बोलणाऱ्या माणसाला ही युक्ती लागते कशाला? त्यात आम्हा बायकांच्या कपाळावर तर नेम धरायला टिकलीच असते.

पुढच्याच आठवड्यात आमचं ठाण्याचं ऑफिस आंबिवलीच्या गोडाउनमध्ये हलवणार अशी कुजबुज सुरू झाली. साहेबांनी मीटिंग घेतली. "कोणालाही कुठे हलवणार नाही, निश्चिंत राहा," असं ते क्लासमध्ये शिकवलं तसं सावकाश, ठासून बोलले. बघत माझ्याकडेच होते, पण नजर डोळ्यांच्या जरा वर. माझं डोकं फिरलं. मी टिकली काढली आणि सगळ्यांदेखत पाण्याच्या बाटलीला चिकटवली.

"कोणाला काही विचारायचंय?" साहेब म्हणाले.

"तेच परत एकदा सांगा ना, साहेब."

त्यांची नजर माझ्या कपाळावर भिरभिरली, चुकून डोळ्यांत उतरली, आणि ते घाईघाईने प्रोजेक्टरची वायर तपासायला वळले.

संध्याकाळी डोंबिवलीला घरी जाताना मी आंबिवलीच्या सकाळच्या गाड्या बघून ठेवल्या.