मुका टीव्ही आणि बोलक्या मामी

आमचे मामा निवृत्त मीटर रीडर. घरातल्या वायरीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. नवा सेट टॉप बॉक्सही त्यांनीच जोडला. चित्र काचेसारखं स्वच्छ आलं, आवाज मात्र गायब.

चार दिवस मामा टीव्हीमागे डोकं घालून होते. वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या, बॉक्सला दोन चापट्याही दिल्या. मेकॅनिकला बोलवू का, असं मी विचारलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलणार नाहीत असा चेहरा केला.

तोवर मामी सोफ्यावर बसून मालिकेतल्या नायिकेचे संवाद स्वतःच म्हणायच्या. त्यांची नायिका नवऱ्याला तोंडावर सांगायची, "अहो, जमत नसेल तर हात कशाला घालता?" मामा टीव्हीमागे आणखी आत सरकायचे. शेजारणी मुद्दाम यायला लागल्या.

पाचव्या दिवशी मला उलगडा झाला. जुन्या बॉक्सचा आवाज वेगळ्या स्पीकरमधून यायचा, म्हणून टीव्हीचा आवाज मामांनीच सहा वर्षांपूर्वी शून्यावर नेला होता. टीव्हीचा रिमोट खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला होता. नव्या बॉक्सचा आवाज थेट टीव्हीत जात होता. मी रिमोट काढला, नवे सेल घातले आणि आवाज वाढवला.

पडद्यावरची नायिका नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

मामींनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज पुन्हा शून्यावर नेला.

"हिला काही बोलताच येत नाही," त्या म्हणाल्या.