सतरा जिवंत माणसांचे शोकप्रस्ताव

भिलाईतल्या आमच्या लहानशा मराठी मंडळाचे माझे वडील एकोणीस वर्षं सचिव होते. म्हणजे काय करायचे, तर दर महिन्याच्या एक तारखेला नव्वद घरांना सभेची नोटीस पाठवायचे आणि सभेला तेरा माणसं आली की कोरम नाही म्हणून सभा तहकूब करायचे. अर्ध्या तासानं तीच तेरा माणसं, त्याच खुर्च्यांवर, तहकूब सभा म्हणून पुन्हा बसायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मधल्या अर्ध्या तासात चहा व्हायचा आणि कोणाच्या सुनेचं काय चाललं आहे ते कळायचं, म्हणून या पद्धतीबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

नोटीस मात्र छापीलच लागायची. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात, कोणत्या भाजीनं गुडघे बरे होतात ते येतं, पण नोटीस तिथं टाकली तर चालत नाही. "मोबाईलवर आली ते काय नोटीस होय का?" असं सगळे एका सुरात विचारतात. नावानिशी कागद पाहिजे, तो लिफाफ्यात पाहिजे, आणि मंडळाच्या शिपायानं सायकलवरून आणून हातात दिला पाहिजे. वडिलांनी प्रत्येक सभासदाची वेगळी फाइल केली होती. महिनाभर दुपारी बसून ते नव्वद फायलींत एकेक करून तारीख बदलायचे. एकाच फाइलमधून नव्वद नावं छापता येतात हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांचं उत्तर एकच होतं, "त्याच्यात माणसाकडं लक्ष राहत नाही बाई."

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. फाइल उघडायची एक आणि छापून यायची दुसरी, असं होऊ लागलं. लागोपाठ दोन महिने नोटीस उशिरा गेली. लगेच सहसचिवकाकांनी सभेत उभं राहून सांगितलं, "सचिवाले आता दिसत नाही. या निवडणुकीत नवा माणूस पाहिजे." नवा माणूस म्हणजे ते स्वतः. वय वर्षं पंच्याहत्तर, वडिलांपेक्षा आठ महिन्यांनी लहान! दोघं भंडाऱ्याकडून एकाच गाडीनं इथं आले, पोलाद प्लांटच्या एकाच मिलमध्ये बत्तीस वर्षं राबले, आणि निवृत्त झाल्यावर करायला काही उरलं नाही म्हणून मंडळात एकमेकांना पाण्यात पाहू लागले.

त्या संध्याकाळी वडील जेवले नाहीत. "प्लांटनं साठीला घरी बसवलं, ते नियमानं बसवलं," ते म्हणाले. "मंडळानं काढलं तर मी सकाळी उठून करू काय?"

"भाजी निवडा," आई म्हणाली. पण तिनंही ताट झाकून ठेवलं, आणि आत येऊन मला हळूच म्हणाली, "तू कम्पूटरवाली ना? कर ना काही."

मी कॉम्प्युटरवाली म्हणजे जामुलला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात सिमेंटच्या ट्रकांची चलानं छापते. पण तिथं मी एक काम झकास करून ठेवलं आहे. चार ओळींची एक बॅच फाइल लिहिली आहे. बॅच फाइल म्हणजे कॉम्प्युटरला आधीच लिहून दिलेला हुकूम. या फोल्डरमधली एकेक फाइल घे, प्रिंटरला दे, छापून झाली की 'झाले' नावाच्या फोल्डरात टाक. विंडोजच्या शेड्यूलरमध्ये वेळ भरून ठेवली की तो हुकूम आपोआप चालतो. सकाळी मी ऑफिसात पोचायच्या आधी चलानं प्रिंटरमध्ये तयार असतात, आणि साहेबांना वाटतं की मी फार लवकर येते.

तेच मी घरी केलं. तारखा वडिलांनी भिंग लावून आधीच बदलून ठेवल्या होत्या. एक तारखेला सकाळी दहा वाजता नव्वद नोटिसा आपोआप छापल्या जातील. छापायला डोळा नको, हात नको, सचिवाच्या वयाचा प्रश्नच नको. वार्षिक सभेची आणि निवडणुकीची नोटीस त्याच तारखेला जायची होती. ती ठणठणीत वेळेवर गेली की सहसचिवकाकांची बोलती बंद. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ माझा हात धरून ठेवला. एवढा विश्वास त्यांनी माझ्या नोकरीच्या वेळीही दाखवला नव्हता.

आता माझी चूक सांगते. वडिलांना फोल्डरात फोल्डर करायची खोड. 'नोटीस' मध्ये वस्तीवार 'सेक्टर', 'खुर्सीपार', 'सुपेला', मग 'नवीन', त्यात 'नवीन दोन', त्यात 'तयारी'. एकेकाचा पत्ता कुठं टाकत बसू, म्हणून मी हुकुमात एक अक्षर वाढवलं. त्यानं कॉम्प्युटर आतल्या सगळ्या फोल्डरांत शिरून जे सापडेल ते छापतो. तीन फायली छापून पाहिल्या, नीट आल्या, मी शेड्यूलरमध्ये वेळ भरून उठले. आत काय काय आहे ते बघितलं नाही. ऑफिसात दुसऱ्यांच्या असल्या चुकांवर मी दिवसभर तोंड टाकते, म्हणून हे कबूल केलेलं बरं.

'तयारी' मध्ये शोकप्रस्ताव होते. जिवंत माणसांचे!

याच्यामागं एक कारण होतं. आमच्या मंडळात कोणी वारलं की पुढच्या सभेत शोकप्रस्ताव वाचतात. सात-आठ वर्षांपूर्वी वडिलांनी एका गृहस्थांचा प्रस्ताव तासाभरात घाईघाईनं लिहिला आणि त्यांच्या तीन मुलींपैकी एक राहून गेली. ती मुलगी समोरच बसली होती. त्या दिवसापासून वडिलांनी ठरवलं, पंच्याहत्तरी ओलांडली की त्या सभासदाचा प्रस्ताव तयार ठेवायचा, फक्त तारीख कोरी. "माणूस गेल्यावर कोणाले विचारू?" हा त्यांचा हिशोब. आणि विचारायचं कसं, तर मंडळाची परिचयपुस्तिका निघणार आहे, असं सांगून. पुस्तिका निघून राहिली, निघून राहिली, असं सात वर्षं चाललं होतं. त्या नावाखाली त्यांनी सतरा माणसांचं बालपण, गाव, पहिली ड्युटी, आवडीची भाजी, सगळं वदवून घेतलं होतं.

एक तारीख उजाडली. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं. ते पट्टी बांधून आतल्या खोलीत पडले होते. मी कॉम्प्युटर सुरू करून जामुलची बस पकडली. दहा वाजता प्रिंटर खडखडला. आईनं मला फोन केला, "चाललं वो बाई तुझं मशीन, बाप्पा, काय फटाफट!" मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

आई कागद लिफाफ्यात भरायला बसली. आमच्या घरात एक नियम आहे. मंडळाचे कागद घरच्यांनी वाचायचे नाहीत, ते गोपनीय असतात. एकदा आईनं काहीतरी वाचून शेजारी सांगितलं, त्यावरून केवढं रामायण झालं होतं. तेव्हापासून ती फक्त वर लिहिलेलं नाव बघते. काही नावांचे दोन दोन कागद आले, तर तिला वाटलं की म्हाताऱ्या सभासदांना सोबत काही जादा माहिती असेल. तिनं दोन्ही कागद नीट घडी करून एकाच लिफाफ्यात घातले. शिपाई साडेअकराला सायकलवर निघाला. वडिलांनी आतून विचारलं, "गेल्या?" आई म्हणाली, "गेल्या, टायमावर गेल्या." वडील समाधानानं झोपले.

पहिला फोन खुर्सीपारहून आला. तिथल्या एक काकू, वय ऐंशी, आवाज खणखणीत. मी नुकतीच घरी आले होते. "काय वो पोरी," त्या म्हणाल्या, "मी गेली का?"

मला काही कळेना. मग त्यांनी वाचून दाखवलं. "आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासद, इथं माहं नाव, यांचे दिनांक, इथं जागा सोडली आहे, रोजी दुःखद निधन झाले." मी फोन धरून खुर्चीत बसले. अरे देवा! कॉम्प्युटर उघडला, 'झाले' चं फोल्डर पाहिलं. एकशे सात फायली. सतराही माणसं माझ्या हुकुमानं 'झाले' मध्ये जाऊन पडली होती.

त्यानंतर फोन थांबेना. एकांच्या सुनेनं दारातच लिफाफा फोडला आणि भोकाड पसरलं, तर सासरे आत दाढी करत होते. एकजण पोलिसात जातो म्हणाले. एकांनी विचारलं की माझ्यावर अर्धंच पान आणि शेजारच्यावर सव्वा पान, हा काय न्याय झाला? संध्याकाळी ग्रुपवर गुलाबाच्या फुलांच्या खाली सहसचिवकाकांचा मजकूर आला, की सचिवांनी जिवंत सभासद मारले आहेत, रविवारच्या निवडणुकीत सभासदांनी विचार करावा. त्याखाली बावीस अंगठे पडले. तेराच्या वर माणसं एकत्र आलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

वडिलांना सांगणं भाग होतं. मी सगळं सांगितलं, अक्षर कोणी वाढवलं तेही. रागावले असते तर बरं झालं असतं. पट्टीखालून पाणी येऊ लागलं तेव्हा आई ओरडली, "रडू नका, टाका उसवन!" ते म्हणाले, "मी आता कोणाच्या दारात जाऊ?" मी उठून मागच्या अंगणात गेले आणि तिथं रडले. माझ्या हुशारीची मला इतकी चीड आधी कधी आली नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्सीपारच्या काकू ऑटो करून स्वतःच आल्या. हातात तो कागद. वडिलांच्या पलंगाजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "माह्या बापाच्या कीर्तनांचं तुमी लिहिलं. मी सांगितलं होतं ते ध्यानात ठेवलं. माह्या पोरांले ठाऊक नाही हो ते." मग कागदावर बोट ठेवून, "पण एक राहिलं. मी सायकल चालवायची. गावात पयली बाई मी सायकलवाली. ते टाका."

वडील उठून बसले. "लिही," मला म्हणाले. मी लिहिलं.

त्यानंतर रांगच लागली. पोलिसात जाणारे आले, त्यांना रक्तदानाचा उल्लेख पाहिजे होता. अर्ध्या पानवाले जुनी प्रमाणपत्रं घेऊन आले. एकांनी 'मनमिळाऊ' शब्दाला हरकत घेतली, म्हणाले, मी कधी होतो मनमिळाऊ, खरं लिहा. दाढीवाल्यांची सून आली आणि हळूच विचारू लागली की सासऱ्यांनी लहानपणी इतके हाल काढले हे खरं आहे का. तीन दिवस मी रजा घेऊन टाईप करत होते. वडील काळा चष्मा लावून बसायचे आणि न बघता सांगायचे, कोणाच्या फाइलीत कुठल्या ओळीनंतर काय घालायचं. सगळं तोंडपाठ! पण निवडणुकीबद्दल कोणी काही बोलत नव्हतं, आणि वडिलांनी विचारलंही नाही. आलेले लोक आपला कागद सुधारून घ्यायचे, चहा प्यायचे आणि निघून जायचे. बावीस अंगठे तसेच होते.

शनिवारी दुपारी सहसचिवकाका आले. दारात चप्पल काढून उभे राहिले. आई म्हणाली, "या ना भाऊजी, बसा." ते बसले नाहीत. मला वाटलं, राजीनामा मागायला आले. वडिलांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"सतरा जणांचं लिहिलं तू," काका म्हणाले.

"हो."

"त्या खुर्सीपारच्या बाईचं लिहिलं. मंडळात येऊन चार वर्षं नाही झाली तिले."

"पाच झाली."

"माहं कावून नाही लिहिलं?"

वडिलांनी मान खिडकीकडं वळवली.

"मी पंच्याहत्तर पुरा केला ना? माह्या लिफाफ्यात नुसती नोटीस. रोज दुसऱ्या लिफाफ्याची वाट पाहून राहिलो मी. शिपायाले दोनदा विचारलं." काकांचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. "एका गाडीनं आलो आपण. तुह्या पोरीच्या बारशाले मी पाळणा आणला. अन् माह्यासाठी अर्धं पान नाही तुह्याजवळ? निवडणुकीले उभा राहिलो म्हणून?"

"तू उभा राहाच्या आधीच बसलो होतो लिहाले," वडील म्हणाले.

"मग?"

"तीन वेळा बसलो. नाव लिहितो, अन् पुढं हात चालत नाही." त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "बाकीच्यांचं येते लिहिता. तुह्यं नाही येत मले."

काका खाली सतरंजीवरच बसले. आई चहा टाकायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

काकांनी पंच्यानं तोंड पुसलं. "मग उद्या सचिव तूच राह," ते म्हणाले. "माहं लिहून होत नाही तोपर्यंत तुले सोडत नाही मी."