एकाच पक्षाला खजुराची दोन खोकी

त्या साली मी अठ्ठावन्न वर्षांची तरुण मुलगी होते. हसू नका. आज मागे वळून पाहिलं की ती बाई मला खरंच पोरगेली वाटते. केसांना रंग, पायात टाचेच्या चपला, आणि जगातलं कुठलंही भांडण आपण दोन कप चहात मिटवू शकतो अशी ठाम समजूत. स्वतःच्या सुनेशी चार महिने अबोला चालू होता, ते वेगळं. त्याकडे बघायला वेळ कुणाला होता? मी ब्रिटनचा सत्ताधारी पक्ष सांधायला निघाले होते.

आम्ही तेव्हा कुवेत शहरात मिरकाबला राहायचो, कंपनीच्या जुन्या इमारतीत. तिसऱ्या मजल्यावर आम्ही, पाचव्यावर साहेब आणि बाई. आमचे हे कंपनीत ड्राफ्ट्समन, साहेब त्यांचे वरिष्ठ इंजिनियर. दोघंही नवराबायको इंग्लंडातल्या एका लहान गावचे, पण निम्मं आयुष्य आखातात गेलेलं. हे त्यांना साहेब म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे, आणि साहेबांची बायको म्हणून त्या बाई. एका शुक्रवारी बाहेर धुळीचं वादळ, त्यात त्यांच्याकडचा एसी बंद पडला, म्हणून दोघं आमच्याकडे येऊन बसले. चहा झाला, बिस्किटं झाली, हवापाणी झालं. मग करायचं काय? मी पत्ते काढले आणि त्यांना मेंढीकोट शिकवला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. चौघं जण, समोरासमोरचे दोघं जोडीदार. ज्या जोडीकडे दश्श्या, म्हणजे दहाची पानं, जास्त, तिचा डाव. चारही दश्श्या मारल्या की मेंढीकोट, आणि मग समोरच्यांनी मान खाली घालून पत्ते पिसायचे. साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळे नियम कागदावर काढून मागितले. बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला मेंढीकोट घातला. त्यानंतर कितीतरी वर्षं आमचा शुक्रवार चुकला नाही. नवराबायको समोरासमोर, आम्ही आडवे. इस्पिक, किल्वर हे शब्द त्या गोऱ्या तोंडातून इतके छान यायचे की मी मुद्दाम विचारायची, "बाई, हुकूम काय पडलाय?"

तर पक्षाचं. दोघंही त्यांच्या देशातल्या सत्तेवरच्या पक्षाचे जुने सभासद. भेटले तेच मुळी पक्षाच्या तरुण मंडळींच्या नाचाच्या कार्यक्रमात. "आमचं लग्न पक्षानं लावलं," असं बाई म्हणायच्या, आपण "मामानं लावलं" म्हणतो तसं. त्यांच्या गावातली पक्षाची शाखा दर वसंतात पैसे जमवायला घरगुती वस्तूंची विक्री करायची. केक, लोणची, विणलेले मोजे. बाई दरवर्षी इथून खजुराचं एक खोकं पाठवायच्या. ते खोकं म्हणजे त्यांची गावातली हजेरी.

आणि मग तो प्रश्न आला. ब्रिटननं युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं? सगळ्या देशाचं मत घेणार होते. पंतप्रधान म्हणत होते राहा, आणि त्यांच्याच मंत्रिमंडळातले कितीतरी मंत्री गावोगाव जाऊन सांगत होते, बाहेर पडा. बाईंच्या गावातली शाखाही मधोमध उभी चिरली. त्या वसंतात विक्रीसुद्धा दोन झाल्या, 'बाहेर पडा'वाल्यांची चर्चच्या हॉलमध्ये, 'राहा'वाल्यांची शाळेच्या.

मला वाटलं, हात्तिच्या! पक्ष फुटणं म्हणजे आपला घरचा विषय. मी पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसले आणि म्हटलं, "बाई, ह्यात नवीन काय? खुर्चीचं भांडण. दोघातिघांना मंत्रिपदं द्या, मिटेल."

"खुर्ची कुठे आहे ह्यात?" बाई म्हणाल्या. "आमचे कायदे आम्ही करायचे की परक्यांनी, हा प्रश्न आहे."

"माझा प्रश्न नळाचा आहे," साहेब म्हणाले.

नळ होता स्पेनमध्ये. जुलैअखेर साहेबांचा करार संपत होता. करार संपला की इकामा संपतो, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, आणि मग कुवेत सोडायचंच. निवृत्तीनंतर राहायला म्हणून साहेबांनी स्पेनच्या एका खेड्यात घर घेऊन ठेवलं होतं. नळाला पाणी जेमतेम, पण ऊन भरपूर, औषधपाणी युरोपचे सभासद म्हणून जवळजवळ फुकट. बाईंना ते घर कधी आवडलं नव्हतं. त्यांना आपल्या गावी जायचं होतं, शाखेत काम करायचं होतं. इतकी वर्षं हा वाद हसण्यावारी जायचा. आता त्याला झेंडे लागले. साहेब म्हणाले, मी स्पेनला जाणार. बाई म्हणाल्या, जा.

नुसतं "जा." मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला.

आता ऐका आमची मुत्सद्देगिरी. एका सकाळी बाईंनी मला मुबारकियाच्या बाजारात नेलं, खजुराचं खोकं घेतलं आणि सांगितलं, "हे 'बाहेर पडा'वाल्यांच्या हॉलला. त्याला सांगू नकोस." मी छातीवर हात ठेवला. दोनच दिवसांनी लिफ्टपाशी साहेब भेटले. "ही नेहमी खजूर कुठून घेते हो? मला दुकान दाखवता? आणि... तिला सांगू नका." मी पुन्हा छातीवर हात ठेवला. तेच दुकान. दुकानातला माणूस रत्नागिरीकडचा. तो म्हणाला, "मामी, कितीदा खजूर? घरात लगीन हाय काय?"

"पक्षाचं काम आहे," मी म्हटलं. काय तो रुबाब! दोन्ही बाजूंची गुपितं माझ्या पोटात, आणि मी बाजारातून अशी चालत आले की जणू युरोपचं भवितव्य माझ्या पर्समध्ये आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभी आहेस, आणि खाली नाला आहे." मी म्हटलं, "तुम्हाला राजकारण कळत नाही."

पुढच्याच महिन्यात एका शुक्रवारी, ऐन डावात, बाईंचा फोन वाजला. हातात पत्ते, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टेबलावरच ठेवला. शाखेची म्हातारी चिटणीस, दोन्ही बाजूंना नको असलेली आणि दोन्ही बाजूंची कामं करणारी. गोड आवाजात म्हणाली, "तुमचे खूप आभार! दोन्ही हॉलना खजूर पोचले. तुम्ही दोघं किती समजूतदार!"

बाईंनी पत्ते पालथे ठेवले. साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"दुकान ह्याला कुणी दाखवलं?"

आमचे हे छताच्या पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

त्या दिवसापासून बाई साहेबांच्या समोर बसेनात. "माझ्या पाठीमागून विरुद्ध बाजूला रसद पुरवणारा माणूस मला जोडीदार नको." मग बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. खेळ चालायचा, पण मजा गेली. बाई साहेबांचं पान मारताना इतक्या जोरात आपटायच्या की चमचे उडायचे. मी मधेमधे शांततेची भाषणं करायची. एकदा मी विचारलं, "बरं, तुम्ही मत द्यायला कुठे जाणार? इथल्या वकिलातीत?"

मग साहेब म्हणाले, "आम्हाला मत नाही. पंधरा वर्षांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलं की मत जातं."

हे मोठ्यानं हसले. "म्हणजे तुम्ही आमच्यासारखेच! आम्हाला ना इथे मत, ना तिकडे जाऊन द्यायला सवड. मग भांडता कशाला?"

"मत नाही म्हणूनच," बाई म्हणाल्या. "मत असतं तर टाकून मोकळी झाले असते. आता हे सगळं कुठे ठेवू?"

मी कांदाभजी आणायला आत गेले.

निकाल आला तो नेमका शुक्रवारी सकाळी. रमजान चालू होता, रस्ते झोपलेले. बाहेर पडा म्हणणारे जिंकले. थोड्या वेळानं त्यांच्या पंतप्रधानांनी राजीनामा देतो म्हणून सांगितलं. मला वाटलं, आज काही कुणी येत नाही. पण संध्याकाळी नेहमीच्या वेळेला बेल वाजली. साहेब दाढी न करता आलेले, हे मी पहिल्यांदा पाहिलं. बाई जिंकल्या होत्या, पण जिंकलेल्या माणसासारख्या दिसत नव्हत्या. "माझ्या मैत्रिणीनं शाखा सोडली," एवढंच म्हणाल्या. "शाळेच्या हॉलवाली. लग्नात माझी करवली होती ती."

मी ठरवलं, आज बाईंना साहेबांच्या समोरच बसवायचं. "माझी कंबर धरलीय, मला ह्या खुर्चीत बसू दे," असं म्हणून मी जागा बदलली. आणि मनात दुसरं ठरवलं, आज ह्या दोघांना मेंढीकोट मारू द्यायचा. माणसं एकत्र जिंकली की एकत्र येतात, हे माझं तत्त्वज्ञान. कुठल्या शहाण्यानं सांगितलं होतं कोण जाणे. बहुतेक मीच.

हुकूम किल्वर पडला होता. त्यांच्याकडे दोन दश्श्या झाल्या. तिसरी, बदामची, मी साळसूदपणे साहेबांच्या एक्क्यावर टाकली. ह्यांनी टेबलाखालून लाथ मारली. चौथी दश्शी इस्पिकची, तीही माझ्याच हातात. बाईंनी चौकटचा एक्का टाकला. माझ्याकडे चौकटची सत्ती होती. मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं, "अरेरे, चौकट नाही हो माझ्याकडे," आणि इस्पिकची दश्शी त्या एक्क्यावर ठेवून दिली. मेंढीकोट! मी टाळ्या वाजवल्या. हरलेल्या माणसानं टाळ्या वाजवू नयेत, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि तीन हात झाल्यावर माझ्याकडे ती सत्ती उरली. टाकावीच लागली.

साहेब पुढे वाकले. "ही सत्ती कुठून आली?"

"कुठली सत्ती?"

"चौकटची. तुम्ही चौकट नाही म्हणालात."

"थांब," बाई म्हणाल्या. "माझ्या एक्क्यावर काय टाकलं होतं हिनं?"

"इस्पिकची दश्शी."

"दश्शी! आणि त्याआधी बदामची तुझ्या एक्क्यावर!"

दोघांनी आपले जिंकलेले सगळे हात उलटे केले आणि पान-पान लावायला घेतलं. साहेब म्हणाले, इथे तू राणी टाकलीस. बाई म्हणाल्या, नाही, राणी नंतर, इथे गुलाम, आणि तू तेव्हा खोकलास. हो, खोकलो. मग हिनं तिर्री टाकली. बरोबर, तिर्री. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. दोन पांढरी डोकी माझ्या अपराधाच्या पुराव्यावर टेकायला आली होती. आमच्या ह्यांनी हळूच पत्ते खाली ठेवले आणि म्हणाले, "मी हिच्याबरोबर संसार केलाय. मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"फसवणूक!" साहेब म्हणाले.

"फसवणूक नाही, दया!" बाई कडाडल्या. "आम्हाला जिंकवत होती! आम्हाला! आम्ही काय हिच्या दयेवर मेंढीकोट मारणार?"

महिन्याभरात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं. मी माझ्या आयुष्यात इतकी यशस्वी कधी झाले नव्हते, पण तेव्हा मला ते कळलंच नाही. मला रडूच आलं. भरल्या डोळ्यांनी मी म्हटलं, "मी तुमच्यासाठी केलं." अठ्ठावन्न वर्षांची ती पोरगी! आज मला दिसली तर तिच्या पाठीत धपाटा घालीन आणि नाक पुसायला पदर देईन.

बाईंनी पत्ते गोळा केले, कडा ठोकून सारख्या केल्या. राग उतरत होता, पण त्या उतरू देत नव्हत्या. म्हणाल्या, "निदान तिथले शेजारी तरी सरळ खेळतील."

"कुठले शेजारी?" साहेबांनी विचारलं.

"तुझ्या त्या घराचे. नळाला पाणी नसलेल्या." साहेबांकडे न बघता त्या पत्ते पिसत राहिल्या. "पडदे मी ठरवणार. आणि मी पक्ष सोडणार नाही, आत्ताच सांगते."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "पत्ते वाट."

जुलैमध्ये स्पेनला गेले दोघं. गंमत बघा, राहा म्हणणारे साहेब पुढे पक्षातून बाहेर पडले, आणि बाहेर पडा म्हणणाऱ्या बाई राहिल्या. पक्ष काही त्या मतदानानं मिटला नाही. बाहेर पडायचं तर कसं, यावर तो आणखी कितीतरी वर्षं भांडला, नेते बदलत राहिला. बातम्यांत ते दिसलं की आमचे हे होते तोवर म्हणायचे, "बघ, तुझा पक्ष." आता मी मुलाकडे राहते, कुवेतातच, सबाह अल-सालेमला. टीव्ही नात लावते, तिला त्यातलं काही नको असतं. शुक्रवार आला की मी उगीचच भजी तळते.

बाहेर पडण्याचा व्यवहार पुरा झाला, तेव्हा बाईंचा एकदा फोन आला. मागे माणसांचा गलका, कुणीतरी परक्या भाषेत आकडे पुकारत होतं.

"कुठे आहेस गं?"

"रांगेत. इथे राहायचं तर आता परवाना काढायला लागतो मला. परक्या देशाची ना मी." आवाज असा, जसं काही मीच युरोप सोडला. "तू एवढी वर्षं इकामा काढतेस. फोटो किती जास्तीचे आणायचे असतात?"

"मागतील त्याच्या दुप्पट. आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स. खिडकीवरच्या माणसाशी वाद घालू नकोस."

"मी कधी वाद घालते?"

मागून साहेब हसत होते. बाईंनी त्यांना गप्प बस म्हटलं, ते गप्प बसले नाहीत. मग पुकारा झाला, आणि त्या घाईघाईत म्हणाल्या, "ठेवते, आमचा नंबर आला."