एक जानेवारीच्या बायका

हिबाकला नकला करायचा नाद लहानपणापासूनचा. शाळेत ती मुख्याध्यापिकेपासून जेवण वाढणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचे आवाज काढायची. घरी आल्यावर मात्र एकच, दहाबोचा. दहाबो तिच्या आईची धाकटी बहीण, म्हणून हिबाक तिला हबरयर म्हणे. मावशीचा आवाज जाडा, घोगरा, वाक्याच्या शेवटी उंच चढणारा, जणू समोरचा माणूस रस्त्याच्या पलीकडे उभा आहे.

बाविसाव्या वर्षी या नादाचं काम झालं. एका रेडिओ केंद्राला नाटकासाठी सोमाली मुलगी हवी होती. दिग्दर्शक मोठा सभ्य माणूस, चहासुद्धा स्वतः करून द्यायचा. हिबाकने संवाद वाचले ते तिच्या रोजच्या बोलण्यात, म्हणजे ब्रिस्टलच्या हेलात. काचेपलीकडून तो म्हणाला, "छान. फक्त जरा... तिकडचं येऊ दे."

"तिकडचं म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या मूळ गावचं."

हिबाकचं मूळ गाव म्हणजे ब्रिस्टलमधल्याच स्टेपलटन रोडच्या मागची गल्ली. पण काम पहिलंच होतं. तिने डोळे मिटले आणि दहाबोचा आवाज लावला. दिग्दर्शक खूश झाला. त्याच वर्षी आणखी दोन नाटकं मिळाली. दोन्हींत निर्वासित आई, दोन्हींत रडणं. बाईला नाव नव्हतं. कागदावर नुसतं 'आई'.

त्या दोन्हींतलं पहिलं नाटक लागलं तेव्हा दहाबोने आपल्या दुकानात बायका जमवल्या. दुकान म्हणजे सोमाली बाजारातला एक गाळा, जमिनीपासून छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले. शेजारची डेका, तिची जाऊ, आणखी दोघी-तिघी स्टुलांवर, ताग्यांवर बसल्या. मसाल्याचा चहा फिरला. रेडिओवर हिबाकची 'आई' बोलायला लागली, रडायला लागली, आणि पाऊण तास रडतच राहिली.

नाटक संपलं. मग दहाबो म्हणाली, "काय गं ही बाई! हिला घरात दुसरं कामच नाही का?"

सगळ्या हसल्या. हिबाकही हसली, पण तिचे कान तापले होते.

"हबरयर, लिहिलंच तसं होतं."

"लिहिलं असेल. पण गळा माझा आहे ना तो? ओळखते मी. माझ्या गळ्याने तू रडलीस, ठीक आहे, रडलेय मी पुष्कळ. पण मग मधेमधे हसायला हवं होतंस."

"मधेमधे कधी?"

"अगं, विमानतळावरच!" दहाबोने कप खाली ठेवला. "साहेबाने जन्मतारीख विचारली. मी म्हटलं, आई सांगायची, रमजानच्या आधी झालीस, बकऱ्या आजारी होत्या. त्याने लिहिलं, एक जानेवारी. तारीख ठाऊक नसली की तीच लिहायचे. माझ्या मागे ही डेका. तिलाही एक जानेवारी. तिच्या मागे तिची सासू. तीही एक जानेवारी! मी डेकाला म्हटलं, अबायो, बहिणी, तू आणि तुझी सासू जुळ्या झालात की गं! अशा हसलो, अशा हसलो, की पोलीस बघायला आला."

"सासू नाही हसली," डेका म्हणाली. "ती शेवटपर्यंत माझ्याशी वयावरून भांडली."

दहाबोने एवढं बोलून कात्री उचलली आणि गिऱ्हाइकाला कापड मोजून द्यायला लागली. ती रागावली असती तर हिबाकला बरं वाटलं असतं.

पुढच्या नाटकाचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, "त्या बाईचं नाव काय?"

"नाव असं काही ठरलेलं नाही," दिग्दर्शक म्हणाला.

"ती एकदा तरी हसते का?"

"हिबाक, विषय गंभीर आहे."

"मग मी नाही करत," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. दुसरं काम हाताशी नव्हतं.

त्या आठवड्यात ती दोन मैत्रिणींना घेऊन दुकानात आली. नस्तेहो लग्नाच्या हॉलमधली ध्वनियंत्रणा सांभाळायची. शनीस जमैकन घरातली, लिहायची. तिची आजीही असल्याच रांगेत उभी राहिलेली होती. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी बाजाराचं शटर अर्धं खाली येई, सगळीकडे सामसूम. नस्तेहोने टाळी वाजवून बघितली. आवाज ताग्यांत शिरला तो परत आलाच नाही.

"एवढा शांत स्टुडिओ विकत मिळणार नाही," ती म्हणाली.

नाटक एक जानेवारीचं होतं. तीन बायका कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेल्या, तिघींना वाढदिवसासाठी तोच हॉल हवा, आणि तिघींचं एकमेकींशी पटत नाही. शनीसने लिहिलेलं पान दहाबोने ऐकलं आणि नाक मुरडलं.

"डेका असं बोलेल? जन्मात नाही. ती आधी तुझ्या आईची विचारपूस करील, मग तुला उभी चिरील."

"मग तूच बोल ना, हबरयर," हिबाक वैतागून म्हणाली.

दहाबो बोलली. अशी बोलली की डेकाही उठून उत्तर द्यायला लागली, आणि नस्तेहोने घाईघाईने ध्वनिमुद्रणाचं यंत्र सुरू केलं. विमानतळावरचा साहेब हिबाकने केला, अगदी त्या दिग्दर्शकाच्या मऊ, सभ्य आवाजात. "फक्त जरा... तारीख येऊ दे," असं ती म्हणाली मात्र, दहाबो हसता हसता ताग्यांवर कोसळली. तो भाग चार वेळा करावा लागला.

अडलं ते शेवटच्या पात्रापाशी. दहाबोची भाची, ब्रिस्टलमध्ये जन्मलेली, खरी जन्मतारीख असलेली एकुलती एक मुलगी. हिबाकने संवाद म्हटले. पुन्हा म्हटले. सगळं खोटं वाटत होतं.

"तू कुणाची नक्कल करतेयस?" शनीसने विचारलं.

"माझीच."

"मग नको करूस."

हिबाक ताग्याला टेकून खाली बसली. इतके आवाज घशात होते, पण स्वतःच्या आवाजात तिने कधी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. दहाबो आली, तिच्या शेजारी बसली, आणि काही समजावत बसण्याऐवजी भांडायलाच लागली.

"तुला तारीख आहे म्हणून मिजास करतेस होय माझ्यासमोर?"

"मी कुठे मिजास केली?"

"करतेसच! दर मार्चमध्ये केक!"

"मग तू घे ना मार्च! अर्धा घे माझा! मला काय करायचाय तो एकटीला?"

हिबाकचा आवाज फाटला, ब्रिस्टलचा हेल सोमाली शब्दांत घुसला, आणि नस्तेहोने वर अंगठा केला. यंत्र चालूच होतं. शनीसने आपण लिहिलेले संवाद मुकाट्याने खोडले.

गल्लीतल्या छोट्या रेडिओ केंद्रावर नाटक लागलं. इतर शहरांतल्या तशाच केंद्रांनी ते मागून घेतलं. एका कुर्दी न्हाव्याचा फोन आला, त्याच्या घरात चौघांना एक जानेवारी आहे म्हणून. शेफील्डहून एक बाई नुसती हसत राहिली आणि बोलताच न येऊन तिने फोन ठेवून दिला. नंतर एका मोठ्या केंद्रातली तरुण निर्मातीही बोलली: असे आणखी चार भाग कराल का? सोमाली वाक्यं थोडी कमी करता येतील का?

"कमी नाही," हिबाक म्हणाली. "पण भांडण इतकं स्पष्ट करू, की भाषा कळली नाही तरी कोण जिंकतंय ते कळेल."

निर्माती हो म्हणाली.

शुक्रवारी शटर अर्धं उतरलं, चौघी-पाचजणी ताग्यांवर बसल्या, आणि दहाबोने आधीच सांगून टाकलं, "या खेपेला मला नवरा हवा. उंच. आणि कमी बोलणारा."

"आवाज कोण काढणार त्याचा?" शनीसने विचारलं.

"कमी बोलणारा म्हटलं ना! तूच खोकत जा अधूनमधून."

शनीस खोकली. "अजून देखणा," दहाबो म्हणाली, आणि नस्तेहोने यंत्राचं बटण दाबलं.