डावीकडे जीव नाही

हेडफोन डोक्यावरून उतरवायचा, डाव्या कपावर नखाने टकटक करायची आणि म्हणायचं, "ह्याच्यात डावीकडे जीव नाही रे." ताईंचं हे ठरलेलं होतं. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल, ज्याची खुर्ची, चहा नाहीतर पंखा कायम बिघडलेला असतो. आम्हीही हसायचो आणि आपापल्या कामाला लागायचो.

आमचं ऑफिस नोएडात. हिंदी मालिका आणि मुलांच्या गोष्टी आम्ही मराठीत आणतो. मी आवाज जुळवायचो आणि शेवटी ताई सगळं ऐकून पास करायच्या. चुकीचा उच्चार, खाल्लेलं अक्षर, मागे राहून गेलेली कुणाची खोकल्याची उबळ, त्यांच्या कानांतून काही सुटत नसे. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, घर दिल्लीतल्या द्वारकेला. रोज मेट्रोने अख्खी दिल्ली ओलांडून यायच्या. एवढी यातायात कशाला, असं मी एकदा विचारलं. "घरी मला कोण विचारतं?" त्या म्हणाल्या. "इथे माझ्या कानांशिवाय गाडी पुढे जात नाही."

हेडफोनच्या बाबतीत त्या भलत्या चोखंदळ. वायर नको, ती मेट्रोत कुणाच्या तरी बॅगेत अडकते. कानात खुपसायचे नकोत, बोळे घातल्यासारखं वाटतं. कान पूर्ण झाकणारे नकोत, दिल्लीच्या उन्हाळ्यात त्यात कान उकडून निघतात. म्हणजे उरले कानांवर नुसते टेकणारे, आणि तेही स्वस्तातले, कारण "हा काय दागिना आहे?" ते लावण्याआधी मोत्यांच्या कुड्या काढून डबीत ठेवायच्या, नाहीतर दाबाने कानाच्या पाळ्या दुखायच्या. असे हेडफोन त्या ऑनलाइन मागवत आणि आठवड्याच्या आत परत पाठवत. पार्सल न्यायला येणारा त्यांना चांगला ओळखायला लागला होता.

"मॅडम, फिर वही?" तो विचारायचा.

"हां भैया. बायाँ साइड."

परत पाठवायच्या आधी एक-दोन मी लावून पाहिले होते. दोन्हीकडे आवाज सारखा होता. तसं सांगितलं तर म्हणाल्या, "तुझे कान अजून कच्चे आहेत." आणि गंमत म्हणजे मला ते पटलंही. त्यांच्या कानांवर आमचा विश्वासच तेवढा होता.

पुढे पुढे मीटिंगमध्ये त्या भिंतीला डावा खांदा लावून बसू लागल्या. चहाला जाताना "तू इकडून चल" म्हणून मला उजवीकडे घेऊ लागल्या. डावीकडून कुणी काही बोललं की नुसत्या हसायच्या. एकदा कँटीनमध्ये डावीकडे बसलेल्या मुलीने वडील गेल्याचं हळू आवाजात सांगितलं. ताई हसून म्हणाल्या, "अच्छा, बढ़िया." माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

एका शनिवारी मी त्यांना नेहरू प्लेसच्या बाजारात घेऊन गेलो. म्हटलं, समोर बसून निवडू, एकदाचा विषय संपेल. दुकानदाराने बरेच हेडफोन काढून ठेवले. ताईंनी कुड्या काढल्या, डबी माझ्या हातात दिली. एकेक हेडफोन लावायच्या, फोनवर तेच ते गाणं लावायच्या, टकटक करायच्या आणि मान हलवायच्या. शेवटी दुकानदार वैतागला.

"मॅडम, उल्टा करके पहन लो. बायाँ वाला दाएँ कान पे."

ताईंनी हेडफोन उलटा लावला. डावा कप आता उजव्या कानावर होता आणि चांगला खणखणीत वाजत होता. त्यांनी मान डोलावली. मग त्यांचं बोट डाव्या कानाकडे गेलं. मघाशी उत्तम वाजणारा कप आता तिथे होता. बोट तिथेच थांबलं.

"देखा? पीस एकदम ठीक है," दुकानदार हसत म्हणाला. मग त्याने ताईंचा चेहरा पाहिला आणि बाकीचे हेडफोन आवरायला घेतले.

"यही दे दो," ताई म्हणाल्या. निघताना डावी कुडी त्यांना काही केल्या घालता येईना.

मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर मी म्हणालो, "ताई, कान दाखवून घ्या. मी येतो सोबत."

"दाखवला की डॉक्टर कानाचं मशीन देतील. मशीन लावलेल्या बाईला ऐकायचं काम कोण देईल, सांग."

"पण वेळेवर दाखवलं तर..."

"उजवा आहे ना अजून. चलो, गाडी आली."

त्यानंतर त्यांनी कुठल्याही हेडफोनबद्दल तक्रार केली नाही. मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटायची. त्यांच्या हेडफोनचा आवाज मात्र वाढत गेला. गोष्टीतला ससा काय बोलतोय हे मला माझ्या जागेवरून ऐकू यायचं.

आणि व्हायचं ते झालंच. त्या सशाच्या गोष्टीत मूळ हिंदी आवाज पुसायचा राहून गेला, तोही फक्त डाव्या बाजूला. उजव्या कानात ससा मराठी बोलत होता आणि डाव्या कानात हिंदी. ताईंनी ती गोष्ट पास केली. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. साहेब कुणाला रागावले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. त्यांनी सगळ्यांना मेल पाठवला: सोमवारी ऑफिसात सर्वांच्या कानांची तपासणी, नेहमीचीच. ही नेहमीची तपासणी आजवर एकदाही झालेली नव्हती.

शुक्रवारी ताईंनी राजीनामा दिला. "सासूबाईंना बरं नसतं, आम्ही पुण्याला शिफ्ट होतोय," असं सगळ्यांना सांगत त्यांनी नारळाच्या वड्या वाटल्या. मला दोन जास्त दिल्या. मी खालपर्यंत पोचवायला गेलो, अर्थातच उजवीकडून. फोन करतो म्हणालो, तर म्हणाल्या, "मेसेज कर."

परवाच्या थंडीत मी द्वारकेला मित्राकडे निघालो होतो. मेट्रो यमुनेच्या पुलावर आली आणि दाराजवळच्या सीटवर ताई दिसल्या. पुण्याला गेलेल्या ताई. डोक्यावर तोच हेडफोन होता. मी त्यांच्या डावीकडे उभा होतो. हाक मारली, पुन्हा मारली.

"आंटी गाने सुन रही हैं, भैया," शेजारचा मुलगा म्हणाला.

तो हेडफोन चालू असला की एका कपाच्या कडेला निळा दिवा लुकलुकतो. दिवा बंद होता. हाकेला ओ न देण्याला लोकांना कारण लागतं, ते ताईंनी डोक्यावर घालून ठेवलं होतं. मला भर गर्दीत रडू आलं.

मग मला आठवलं की आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत. कानावर नुसत्या टेकलेल्या बंद हेडफोनमधून बाहेरचं सगळं ऐकू येतं. मी लोकांमधून वाट काढत त्यांच्या उजवीकडे गेलो, खाली वाकलो आणि अगदी कानाजवळ म्हणालो, "ताई."

त्या समोरच्या काचेतून नदीकडे बघत राहिल्या.