कोपऱ्यातली तारीख

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर कोंबडी चालून गेल्यासारखं, त्याबद्दल आधीच माफी मागते. पण याच अक्षराला अख्ख्या भिंगारमध्ये एका माणसाने मान दिला, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचं धाडस करते. आमच्या समोर राहणाऱ्या शूटिंगवाल्या भाऊंइतका तारखेला जीव लावणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल.

भाऊ लष्कराच्या स्टोअरमधून रिटायर झाले आणि त्यांनी छोट्या कॅसेटचा कॅमेरा घेतला. कुणाचं बारसं असो की कुणाची म्हैस व्यालेली असो, भाऊ हजर. लोक माणसांची तोंडं बघत, भाऊ कोपऱ्यातली तारीख बघत. एका लग्नात नवरीचा घास नवऱ्याच्या तोंडाशी आला आणि भाऊ ओरडले, "थांबा, तारीख दिसंना!" ती दिसेपर्यंत नवरा बिचारा आ वासून बसला. याचं मूळ भाऊंच्या शाळेच्या दाखल्यात होतं. मास्तरांनी सगळ्या वर्गाला सरसकट एक जून ही जन्मतारीख लावून टाकलेली. "आईला तवा ठावं हुतं, पर मास्तरनं इचारलं न्हाई. मी इचारलं तवर ती इसरली," असं ते दर एक जूनला चिडून सांगायचे.

नव्याण्णव साली त्यांनी कॉम्प्युटर आणला. कॅसेटींना बुरशी धरते, म्हणून सगळं त्यात उतरवायचं होतं. पहिल्याच दिवशी असा आरडाओरडा झाला की मी पिठाच्या हातांनी धावले. तारीख चित्रावर छापलेली नव्हतीच म्हणे. ती कॅसेटवर वेगळी असायची आणि कॅमेरा ती दाखवायचा. चित्र कॉम्प्युटरात गेलं, तारीख मागेच राहिली. वर कॉम्प्युटरने यादीत प्रत्येक लग्नापुढे, बारशापुढे त्या दिवसाचीच तारीख टाकलेली.

"ताई, ह्यो बी मास्तरच निघाला की वो!"

मग त्यांनी युक्ती काढली. कॅमेऱ्यात तारीख बघायची, ती मी कागदावर मोठी लिहायची, भाऊ त्या कागदाचं शूटिंग करणार आणि ते चित्राच्या आधी जोडणार. लिहायला बसलं की त्यांचा स्वतःचा हात कापायचा. मी लाजून म्हटलं, "माझं अक्षर नको. लोक हसतील."

"हसू द्या. तुमी सावकाश लिवता, तुमची तारीख चुकत न्हाई."

सगळ्या कॅसेटी झाल्या, एक राहिली. त्यांच्या आईची, म्हणजे आमच्या आजींची, शेवटच्या वर्षातली. तेव्हा कॅमेऱ्याच्या घड्याळाचा सेल गेला होता, म्हणून कोपऱ्यात नुसत्या रेघा. "बिनतारखेची आई मी न्हाई ठिवणार," म्हणून भाऊ अडून बसले, आणि इकडे कॅसेटवर पांढरे ठिपके वाढत चालले.

शेवटी मीच म्हटलं, मला दाखवा तरी. आजी ओसरीवर बसून खात होत्या. "बंद कर रं ते, घास तरी गिळू दे!" मला हसू आलं, आणि मग ताटली दिसली. टवका उडालेली, माझीच. तिच्यात पुरणाची दिंडं.

"भाऊ, दिंडं मी नागपंचमीलाच करते. आणि कॅमेरा आल्यावर आजींना नागपंचमी एकच मिळाली."

कॅलेंडरची जुनी पानं टाकून देणाऱ्यांतले ते नव्हतेच. पान काढलं, नागपंचमीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी तारीख लिहिली.

आजी कॉम्प्युटरात उतरवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, तुमची जन्मतारीख?"

"एक जून."

भाऊ हसले नाहीत. त्यांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी पदर तोंडावर घेतला.

"पदर काढा. तुमची खरी तारीख मला न्हाई घावायची. पर आज तुमी हितं हुता, एवढं पक्कं करून ठिवतो. लिवा आजची."

मी लिहिली आणि कागद छातीशी धरून उभी राहिले.

भाऊ गेले. कॉम्प्युटर त्यांच्या मुलीने श्रीगोंद्याला नेला. तो चालतो की नाही, ठाऊक नाही. चालत असेल, तर त्यात प्रत्येक लग्नाआधी, बारशाआधी माझं वाकडं अक्षर येत असेल, आणि एका ठिकाणी त्या अक्षरामागे मीही.