वीस जीबी मोकळी जागा

सकाळी सातला फोन वाजला आणि मला वाटलं, इक्बालच. माझ्या नव्या लॅपटॉपचं उरलेलं काम करायला तो येणार होता. मी फोन उचलून म्हटलं, "उठलास का मेल्या? चहा टाकतो, ये." पलीकडे त्याचा मेहुणा होता. "सर, इक्बालभाई पहाटे वारले." असं कसं होईल, काल संध्याकाळी तर माझ्याकडे होता, असं मी तीनदा म्हणालो... जणू मी नीट पटवून दिलं असतं तर तो माणूस आपले शब्द मागे घेणार होता.

इक्बाल बंदरावरच्या मिरकरवाड्याचा. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे मी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागलो, तो कुवेतला इलेक्ट्रिशियन झाला आणि बारा वर्षांनी परत येऊन त्याने कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावात दुरुस्तीवाले पुष्कळ, पण आपल्याइतका भित्रा कोणी नाही, असं तो छाती काढून सांगायचा. बॅकअप घेतल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही. घेतला तरी गिऱ्हाइकाला समोर बसवून, त्याने बोट ठेवलेल्या पाच फायली दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवणार. एका ट्रॉलरवाल्याने "आत काय नाय, पुसून टाक" म्हणून मशीन आणलं, तरी याने बॅकअप घेतलाच. त्यात त्या ट्रॉलरवाल्याच्याच बहिणीच्या निकाहचे सगळे फोटो निघाले. "घाई असेल तर दुसरीकडे जा बाबा," हे तो गिऱ्हाइकाला तोंडावर ऐकवायचा. मला मात्र कधी म्हणाला नाही, आणि खरं तर मलाच म्हणायला हवं होतं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं की मला लिनक्स शिकवायचं होतं आणि लॅपटॉपवर होतं फक्त विंडोज. अकरा वर्षांच्या नोट्स त्यातच भरलेल्या. विंडोजला धक्का न लावता शेजारी लिनक्स बसवायचं, म्हणून मी इक्बालचं डोकं खाल्लं. रविवारी दुपारी तो आला. कंपनीने सीडी दिली नव्हती, म्हणून आधी विंडोज परत घालायच्या डीव्हीडी बनवल्या. मग नोट्सचा बॅकअप, मग माझ्याकडून पाच फायलींची परीक्षा. मग चार्जर लावून, बॅटरी भरलेली बघून, त्याने विंडोजची जागा आक्रसायला लावली. लिनक्ससाठी वीस जीबी मोकळी करायची होती. "आता हे अर्ध्यावर थांबलं तर सगळं चिखल," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून पहाऱ्याला बसला.

पडद्यावर तीस टक्के झाले असतील. तो छाती चोळत म्हणाला, "मास्तर, पित्त खवळलंय रे. डावा हात पण भरून आलाय." आपल्याकडे छातीत जळजळलं की दुसरं काय सुचणार? मी कोकम सरबत केलं, वर चिमूटभर जिरंपूड घातली. त्याने ते एका दमात संपवलं. कपाळावर घाम होता, पंखा वाढवला. त्या वेळी मी त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. ते मला सुचलंच नाही असं लिहिलं तर खोटं होईल. सुचलं होतं. पण नजर पडद्यावर गेली... साठ टक्के. मी म्हणालो, "एवढं होऊ दे, मग बघू." फिजिक्सचा मास्तर! शंभर टक्के झाले, विंडोज नीट सुरू झालं, त्याने समाधानाने मान हलवली. "उरलेलं उद्या. तोवर हात लावू नको," म्हणून पायऱ्या उतरून गेला. मला त्याचाही राग येतो. परक्याच्या फोटोंसाठी जिवाचं रान करणाऱ्याने स्वतःच्या छातीकडे एकदा बघू नये? पण राग धरायला तरी तो कुठे आहे.

त्यानंतर लॅपटॉप रोज उघडतो. नोट्स सगळ्या जागेवर. शेजारी ती वीस जीबी, त्याने मोकळी केलेली. तिथे काही भरायला हात धजत नाही.

सहा आठवडे मी त्याच्या घराची वाट टाळली. गेल्या शुक्रवारी गेलो. भाभींची नवरा गेल्यावरची इद्दत चालू, तेवढे महिने परक्या पुरुषासमोर यायचं नाही. त्या आत पडद्यामागे आणि मी बाहेर खुर्चीवर. बरंच झालं, तोंड दाखवायचं मला धैर्य नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. हात भरून आला होता ते, घाम, साठ टक्के, सरबत.

मग पडद्यामागून भाभी म्हणाल्या, "सर, दुपारी जेवल्यावर पण त्यांना जळजळत होतं. आज जात नाही म्हणत होते. मीच कोकम दिलं नि म्हटलं, जा, मास्तर वाट बघत असतील."